समितीच्या नेतेमंडळींस खुले पत्र: आधी वॉर्डात या

महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मध्यवर्ती, शहर, तालुका आणि युवा अशा सर्व घटकांच्या नेतेमंडळींस,

स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या वडगावचा. समितीचा पदाधिकारी कधी नव्हतो आणि व्हायची हौसही नाही. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापासून थोड्या अंतरावर टेबल मांडून, यादी उघडून, ‘काकू, तुमचा नंबर हा, खोली ती’ असं सांगत चिठ्ठ्या फाडून देणारी जी माणसं असतात, त्यांतला मी एक. माझं राजकारण तेवढंच. सीमाप्रश्नावर, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं या मागणीवर, तुम्हाला चार गोष्टी सांगायची माझी ऐपत नाही. त्यासाठी 1956 च्या जानेवारीत आणि 1986 च्या जूनमध्ये या मातीतली माणसं गोळ्या खाऊन गेली आहेत आणि दाव्याचं म्हणाल तर 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. मला बोलायचंय ते बेळगावच्या कॉर्पोरेशनबद्दल, म्हणजे महापालिकेबद्दल.

6 सप्टेंबर 2021 ला 58 प्रभागांचा निकाल लागला. भाजप 35, काँग्रेस 10, एमआयएम 1 आणि उरलेले अपक्ष. त्या अपक्षांत समितीचे म्हणून मोजले गेले ते 4. आठ वर्षांपूर्वी, 2013 मध्ये, याच 58 जणांच्या सभागृहात बहुमत आपल्या गटाचं होतं. निकालानंतर पत्रकांत आणि चहाच्या गाड्यावर तीन कारणं फिरत राहिली: यंत्रांत घोळ झाला, प्रभागांची मोडतोड झाली, मराठी माणूस हिंदुत्वाला भुलला.

पहिल्या दोन कारणांशी मी भांडत नाही. यंत्रांना व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, जोडलेलं नव्हतं, हे खरंच आहे आणि त्यावर दाद मागणं हा हक्क आहे. प्रभागरचनेबद्दल तर आमच्याकडची पोरं अजून शिव्या घालतात. एक गल्ली एका वॉर्डात, तिच्या पाठीला पाठ लावलेली दुसरी गल्ली भलत्याच वॉर्डात. पण रचना सगळ्यांसाठीच बदलली होती आणि ती ऑगस्टमध्ये आभाळातून पडली नाही. कोर्टकचेऱ्या होऊन गेल्या होत्या, नकाशे हातात होते. समोरच्यांनी त्या नकाशावर बसून यादी पानापानांनी वाटून घेतली. आपण नकाशावर हरकती घेतल्या आणि तिथंच थांबलो.

तिसरं कारण मात्र मला पटत नाही, कारण आकडे त्याच्या विरोधात बोलतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीच्या तरुण उमेदवाराला, शुभम शेळके यांना, 1,17,174 मतं पडली. जिंकणाऱ्या मंगला अंगडी आणि हरणारे सतीश जारकीहोळी यांच्यात जेमतेम पाच हजारांचं अंतर होतं, म्हणजे दोन्ही राष्ट्रीय पक्षांना घाम फोडणारी ती मतं होती. पाच महिन्यांत हीच माणसं कुठल्या जादूने भुलली? बरं, भुलली असं धरू. मग 2023 च्या विधानसभेला बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर यांना साठ हजारांवर मतं कुणी दिली? दक्षिण म्हणजे आमचंच वडगाव, शहापूर, अनगोळ. महापालिकेला भाजपचं बटण दाबणारा मतदार दीड वर्षात परत समितीकडे आला होता. ते हरले, पण एकच उमेदवार उभा राहिला तर काय होतं ते दिसलं. आणि 2024 च्या लोकसभेला? समितीचा उमेदवार दहा हजारांच्या आसपास अडकला. तीन वर्षांपूर्वीच्या एक लाख सतरा हजारांच्या जागी दहा हजार.

हे सगळं एका ओळीत मांडून बघा. मराठी मत कुणाच्या खिशात नाही, तुमच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. ज्याने आधीपासून येऊन मागितलं, ज्याचा चेहरा ओळखीचा होता, त्याला ते मिळालं. 2008 च्या विधानसभेला आपण शून्यावर होतो आणि 2013 ला दोन आमदार निवडून आले. 2018 ला दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले आणि पुन्हा शून्य. यात कानडी सरकारचा हात शोधायची गरज नाही.

आता महापालिकेकडे येतो. 2021 ला एक गोष्ट नवी झाली आणि तिचा पुरता विचार आपल्याकडे झाल्याचं मला दिसत नाही. राष्ट्रीय पक्ष पहिल्यांदाच स्वतःच्या चिन्हावर उतरले. त्याआधी सगळेच अपक्ष असायचे. कुणाला कपबशी, कुणाला शिट्टी, कुणाला रिक्षा. निवडून आल्यावर गट व्हायचे, मराठी गट, कानडी गट, मग महापौरपदाची जुळवाजुळव. मतदाराला वॉर्डात एवढंच विचारायचं असायचं की आपला कुठला. चिन्ह बदललं तरी माणूस तोच असल्यामुळे निभायचं. आता समोर कमळ आणि हात. लहान पोरालाही माहीत असलेली चित्रं. आणि आपल्याकडे? एका वॉर्डात समितीचा म्हणवणारा एक, बंडखोर एक, ‘मीच खरा मराठी’ म्हणणारा तिसरा, आणि तिघांची चिन्हं वेगळी. टेबलावर बसलेला असताना एका आजींनी मला विचारलेलं अजून कानात आहे: ‘आपला नेमका कुठला रं? सकाळी एक पोरगं पतंग म्हणून गेलं, आता तू शिट्टी म्हणतोस.’ मी काय उत्तर देणार होतो?

हिशेब साधा आहे. चार लाखांवर मतदार 58 प्रभागांत वाटले की एका प्रभागात सात-साडेसात हजार येतात. मतदान निम्म्याच्या आसपास झालं. म्हणजे साडेतीन हजार मतं, त्यांत पाच-सहा उमेदवार. दीड हजार मतांचा माणूस नगरसेवक होतो. दीड हजार मतं म्हणजे काय, तर तीन-चार गल्ल्या, दोन गणेशोत्सव मंडळं, एक महिला मंडळ आणि एका सोसायटीचे सभासद. एवढ्या छोट्या मैदानात भावनेची लाट लागत नाही, यादी लागते. ती यादी तोंडपाठ असलेली पोरं त्या वर्षी दुसऱ्या टेबलावर बसली होती. आणि ती पोरं कोण होती? शिवजयंतीच्या चित्ररथापुढे लेझीम खेळणारीच. मंडळाचा अध्यक्ष, तालमीतला वस्ताद, देवस्थानच्या पंच कमिटीतला तरणा गडी. त्यांना तिकीट मिळालं, पाठीमागे पक्षाची यंत्रणा आली, प्रचाराचा खर्च आला. त्यांना तुम्ही गद्दार म्हणालात. मी त्यांच्या लग्नांत जेवलोय, त्यांच्या बापाला खांदा दिलाय. मला तो शब्द तोंडातून काढता येत नाही. पाच-पाच वर्षं गल्लीत राबलेल्या पोराला आपल्याकडे कुठल्या पायरीवर उभं राहून तिकीट मागायचं, हे कधी कुणी सांगितलं होतं का? कुणाला विचारायचं, मध्यवर्तीला की शहर समितीला? ह्या गटाला की त्या? शेवटी तो जिथं दार उघडं दिसलं तिथं गेला.

सत्ता बदलल्यावर काय झालं तेही बघा. निवडणूक सप्टेंबर 2021 ला झाली, पण महापौर मिळायला 6 फेब्रुवारी 2023 उजाडला. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च 2019 ला संपली होती. म्हणजे जवळजवळ चार वर्षं बेळगावला महापौर नव्हता, अधिकाऱ्यांचंच राज्य. त्या काळात कुणी मोठा आवाज केला असं आठवत नाही. जिंकलेल्यांनी केला नाही, आपण तर हरून घरी बसलो होतो. महापालिकेपुढे कन्नड संघटनांचा लाल-पिवळा झेंडा रोवला गेला तोही याच काळात, 2020 च्या डिसेंबरात. त्यावर आपण मोर्चा काढायचं ठरवलं, आणि बरोबरच होतं. पण शहराला महापौरच नाही, यावर मात्र मोर्चा निघाला नाही.

आणि महापौर झाल्या त्या कोण? शोभा सोमणाचे. उपमहापौर रेश्मा पाटील. दोघीही मराठी. पुढे सविता कांबळे, मंगेश पवार. म्हणजे ‘महापालिकेत मराठी महापौर’ ही जी आपली सगळ्यांत मोठी घोषणा होती, ती समोरच्यांनी आपल्या हातातून अलगद काढून घेतली. आता व्यासपीठावरून ‘महापौर मराठीच’ म्हणून ओरडलात तर खालचा माणूस म्हणेल, आहे की ओ, अजून काय पायजे?

मग काय पाहिजे? मला वाटतं, महापौर कुठल्या घरातला यापेक्षा कागद कुठल्या भाषेत येतो हे महत्त्वाचं आहे. सभागृहात आपल्या मोजक्या नगरसेवकांनी मराठी विषयपत्रिका मागितली, ती लाखमोलाची मागणी होती. भाजपच्या पस्तीस जणांतल्या मराठी नगरसेवकांना तोच प्रश्न जाहीरपणे विचारा. तुम्हाला विषयपत्रिका वाचता येते का? सही करता तो ठराव कळतो का? उत्तर काय येतं ते वॉर्डाला ऐकू दे. 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक जिथं आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण 1956 पासून केंद्राच्या कागदावर आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताचं पद तर घटनेच्या 350 ब कलमातच आहे. 2022 च्या जूनमध्ये मराठी परिपत्रकांसाठी आपण जिल्हाधिकारी कार्यालयावर गेलो, तेव्हा गर्दी झाली होती. कारण विषय माणसाच्या हातातल्या कागदाचा होता. ई-खात्याचा, म्हणजे मिळकतीच्या नोंदीचा, अर्ज कानडीत, घरपट्टीची पावती कानडीत, नोटीस कानडीत. आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या बाई प्रत्येक कागद घेऊन दहावीतल्या नातीकडे जातात, कारण घरात कानडी वाचता येणारी ती एकटी. तिला शाळेत कानडी शिकवतात, ते चांगलंच आहे, शिकायलाच पाहिजे. पण आजीच्या नोटिशीचा अर्थ लावणं हे तिचं काम आहे का? अशा चार आज्या घेऊन तुम्ही खिडकीपुढे उभे राहिलात, रोज राहिलात, तर तो कर्नाटकच्या बेळगावातल्या अधिवेशनाविरुद्ध आपण भरवतो त्या महामेळाव्याच्या परवानगीपेक्षा सरकारला जास्त अडचणीचा विषय होईल.

इथं मला एक कडू बोलायचंय. आपण महापालिका बरीच वर्षं ठराव करण्यासाठी वापरली. 2005 ला महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव झाला, बंगळुरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळं फासलं, सरकारने सभागृहच बरखास्त केलं. 2011 ला महापौर-उपमहापौर 1 नोव्हेंबरच्या, कर्नाटक स्थापनेच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत सामील झाल्या, पुन्हा बरखास्ती. दोन्ही वेळा अन्याय झाला, यात शंका नाही. लोकांनीही तो मनात धरला आणि 2013 ला तुम्हाला परत निवडून दिलं. एवढ्या मोठ्या विश्वासाचं आपण काय केलं? 2013 ते 2019 या काळात बळ्ळारी नाल्याचं काय झालं? दर पावसाळ्यात तो नाला फुगतो आणि वडगाव, जुने बेळगाव, अनगोळच्या शिवारातलं भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहतं. ज्या बासमतीच्या वासावर बेळगावकर मुंबईच्या पाहुण्यांपुढे फुशारकी मारतात, ती त्याच शिवारातली. रोप कुजतं, पुन्हा लावणी, पुन्हा पाणी. लेंडी नाल्याची तीच कथा. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी शहरात येतं. चोवीस तास पाण्याचा प्रयोग दहा वॉर्डांत झाला आणि बाकीच्यांनी नळाकडे डोळे लावून बसायचं, हे किती वर्षं चाललं? तुरमुरीच्या कचऱ्याच्या ढिगाबद्दल आपल्या गटाची ठरलेली भूमिका कोणती होती? मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर सांगा, मी टेबलावर बसून लोकांना सांगेन.

तुम्ही म्हणाल, महापौर एका वर्षाचा, आयुक्त सरकारचा, मतदानाला आमदार-खासदार बसतात, निधी बंगळुरातून, आम्ही काय करणार होतो? बरोबर आहे. पण मग आत्ताच्या सत्ताधाऱ्यांचीही तीच सबब आहे आणि त्यांना तर वर, खाली, मध्ये सगळीकडे सरकार होतं असा काही काळ मिळाला. ती सबब त्यांची चालत नसेल तर आपलीही चालायची नाही.

कर्नाटकच्या महापालिका कायद्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे. नगरसेवक अध्यक्ष, वॉर्डातले दहा रहिवासी सदस्य, त्यांत निदान तीन बायका. वॉर्डातल्या कामाचा आराखडा, पाणी, कचरा यावर तिने बोलायचं. आपण नगरसेवक नसलो तरी त्या दहांत बसता येतं. 58 वॉर्डांत ती नीट चालावी म्हणून समितीने एक तरी निवेदन दिलंय का? सीमाप्रश्नाची निवेदनं मुंबईपासून दिल्लीपर्यंत पोचतात, त्यांच्या फोटोंनी पेपरची पानं भरतात. एखादं निवेदन धर्मवीर संभाजी चौकातून चालत जाऊन महापालिकेतही देता येईल.

आणि आमच्या वॉर्डात कानडी बोलणारे आहेत, तेलुगू बोलणारे विणकर आहेत, उर्दू बोलणारे आहेत. नाला सगळ्यांच्या दारात एकाच उंचीने येतो. त्यांच्या दारात जाऊन नाल्याबद्दल बोललं तर सीमाप्रश्न पातळ होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्याकडे येऊन बघावं. गेल्या कित्येक वर्षांत गुडघाभर पाण्यातून म्हशी बाहेर काढताना कुणी कुणाची मातृभाषा विचारलेली मी पाहिली नाही. त्यांच्यातली पन्नास मतं आली तर दीड हजारांत पन्नास म्हणजे थोडी नव्हेत, हा हिशेबही ध्यानात असू द्या.

उमेदवार निवडीबद्दल माझी मागणी आहे आणि ती मी सौम्य शब्दांत करणार नाही. वॉर्डाचा उमेदवार वॉर्डाने ठरवावा. रंगुबाई पॅलेस किंवा मराठा मंदिर यांसारख्या सभागृहांत नव्हे, त्या-त्या वॉर्डातल्या देवळात, पंच, मंडळं, महिला मंडळं यांच्या समोर. ज्याला उभं राहायचंय त्याने तिथं येऊन सांगावं की मी काय केलं आणि काय करणार. ठरला की बाकीच्यांनी तिथंच, सगळ्यांदेखत, माघार कबूल करावी. जो नंतर फिरेल त्याला गल्ली बघून घेईल. पत्रकाने काढून टाकण्यापेक्षा ते जास्त लागतं. सगळ्या अधिकृत उमेदवारांना एकच चिन्ह कसं मिळेल याचा कायदेशीर रस्ता वकिलांना बसवून आत्ताच शोधा. नोंदणीचा प्रश्न असेल तर नोंदणीचं बघा. ‘समिती हा पक्ष नाही, चळवळ आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि मला ते आवडतंही. पण मतदान यंत्रावर चळवळ असं बटण नसतं. 2021 ला घोषणा ऑगस्टमध्ये झाली आणि 3 सप्टेंबरला मतदान. तेवढ्या दिवसांत चिन्ह कळणार कधी, घरोघरी पोचणार कधी?

पुढची निवडणूक कधी लागेल ते सरकारलाच ठाऊक. मागचा अनुभव बघता मुदत संपली तरी मधे वर्ष-दोन वर्षं जातील. तो वेळ समोरच्यांसाठी नुसता थांबण्याचा असेल. आपल्याकडे मात्र त्या वेळात करायला भरपूर आहे आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. मतदार यादीतली नावं तपासायला काय खर्च येतो? लग्न होऊन गेलेल्या मुली, नव्याने अठराची झालेली पोरं, घर बदलून मजगाव किंवा येळ्ळूर रोडला गेलेली कुटुंबं. आमच्या पाच गल्ल्यांची तपासणी आम्ही सुरू केलीय. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पुन्हा टेबलावर बसून आजींपुढे गप्प राहायची लाज वाटली म्हणून केली. यात तुमच्या दोन्ही गटांची पोरं आहेत, आणि गंमत म्हणजे त्या दुसऱ्या टेबलावर बसलेलाही एक जण आहे. त्याला कमळाच्या कार्यालयात कुणी मराठी कागदाबद्दल विचारू देत नाही म्हणे.

मृग निघायच्या आत नाल्याच्या काठाने एक फेरी काढायची आहे, शेतकऱ्यांना घेऊन. गाळ कुठं साचलाय, भिंत कुठं फुटलीय, कुणी कुठं भराव टाकलाय, सगळं लिहून, फोटो काढून, मराठी आणि कानडी दोन्हीत अर्ज करून महापालिकेला द्यायचा. पोच घ्यायची. पंधरा दिवसांनी परत जायचं. तुमच्यापैकी जो येईल त्याने चिखलात चालायची तयारी ठेवून यावं. मध्यवर्तीचे आले तरी चालेल, शहरचे आले तरी चालेल, दोन्ही आले तर एकाच रिक्षात बसून या, म्हणजे निम्मं काम वाटेतच होईल.

आपला,
समितीच्या टेबलावर बसणारा एक,
वडगाव, बेळगाव

ता. क.: येताना मंडप आणि माईक आणू नका. वॉर्ड महिलेसाठी राखीव झाला तर फलकावर उमेदवार बाईचा फोटो नवऱ्यापेक्षा मोठा छापायचा, हे आमच्या गल्लीतल्या बायकांनी आधीच ठरवून ठेवलंय. त्यावर चर्चा होणार नाही, असं त्यांनी मला तुम्हाला कळवायला सांगितलंय.